ॲक्सेंटच्या एसी पॅनेलचे दिवे : प्रकल्प नोंदी

गाडी : ह्युंदाई ॲक्सेंट, १.५ पेट्रोल, २००६ चं मॉडेल. चाललेली १,३८,००० किलोमीटर.
काम : एसी-हीटरच्या तीन नॉबमागचे विझलेले दिवे बदलणं.
सुरुवातीचा अंदाज : एक रविवार सकाळ, शंभर रुपये.

१४ जुलै २०२४, रविवार

काल रात्री पुण्याहून वाईला येताना खंबाटकी घाटात पावसाने गाठलं. आई मागे, धाकटा भाऊ शेजारी, तिघांचेही रेनकोट ओले, खिडक्या बंद. घाट चढायला लागलो आणि दोन मिनिटांत समोरच्या काचेला आतून वाफ धरली. हवा काचेवर सोडायला नॉब फिरवायला गेले तर पॅनेल ठार काळं. अंदाजाने हात घातला, भलताच नॉब फिरला आणि पायांवर गरम हवा यायला लागली. भावाने मदत म्हणून मोबाइलचा टॉर्च लावला. तो उजेड वाफ धरलेल्या काचेवर पडला आणि होतं नव्हतं ते दिसणंही बंद झालं. पुढच्या ट्रकचे दोन लाल दिवे धरून, पहिल्या गिअरमध्ये, एका रुंद वळणापर्यंत आले आणि तिथे कडेला थांबले. आईने पदराने काच पुसली. मग सावकाश नॉब काचेच्या खुणेवर, एसी चालू, बाहेरची हवा आत. अर्ध्या मिनिटात काच स्वच्छ.

गाडीत सगळं धड होतं. फक्त कुठला नॉब कुठे आहे ते दिसत नव्हतं, आणि तेवढ्यासाठी तीन माणसं घाटात अडकली. पॅनेलची डावी बाजू गेल्या दिवाळीपासून अंधारी होती. उजवीकडच्या उजेडावर भागत होतं म्हणून मी दुर्लक्ष केलं. उजवा दिवा कधी गेला ते कळलंही नाही, कारण पुण्यात रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड आत येतो. हे दिवे शोभेचे आहेत असं ज्यांना वाटतं त्यांनी पावसाळ्यात रात्री एकदा घाट चढून बघावा.

गाडी बाबांची. ते गेल्यावर २०२१ मध्ये नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली, तेव्हाच ठरवलं होतं की हिची कामं शक्य तेवढी आपल्या हातांनी करायची.

१७ जुलै, बुधवार

आषाढी आणि मोहरम एकाच दिवशी, त्यामुळे सुट्टी. पॅनेल उघडण्याआधी बाकीचं तपासलं.

पार्किंग लाइट लावले. मीटरचे दिवे लागतात, मागचे दोन्ही लागतात, नंबर प्लेटचाही लागतो. म्हणजे फ्यूज ठीक. मीटरचा उजेड कमी-जास्त करायची चकती फिरवली, उजेड बदलतो. म्हणजे तीही ठीक. एसीचं बटण दाबल्यावर त्यातला बारीक दिवा येतो, पण तो वेगळा, तो एसी चालू असल्याचं सांगतो. राहिले पॅनेलच्या आतले बल्ब.

ही तपासणी दहा मिनिटांची आहे, ती आधी करा. फ्यूज गेला असेल तर डॅशबोर्ड उघडायची वेळच येणार नाही.

सुट्या भागांच्या एका दुकानात फोन केला. बल्ब वेगळा मिळत नाही, पूर्ण पॅनेल घ्यावं लागेल, तेही मागवून, साडेचार हजार. दोन बल्बांसाठी साडेचार हजार द्यायची माझी तयारी नाही.

२१ जुलै, रविवार

आज उघडलं. लागलेला वेळ : साडेतीन तास. त्यातला तासभर प्लास्टिकशी भांडण्यात गेला.

हत्यारं : दहाचा पाना, स्टार स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, मऊ फडकं, बँकेचं मुदत संपलेलं कार्ड, हेअर ड्रायर. आणि मोबाइल, कारण प्रत्येक पायरीला फोटो काढायचा.

आधी बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढलं. टेपचं घड्याळ आणि स्टेशनं पुसली जातात, त्याला इलाज नाही.

मग ॲश-ट्रे बाहेर ओढला आणि टेप व पॅनेलभोवतीची मोठी पट्टी काढायला घेतली. ती नुसत्या क्लिपांवर बसलेली आहे. मी घाईने चपटा स्क्रू ड्रायव्हर घातला आणि डॅशबोर्डच्या काठावर नखाएवढा खड्डा पाडला. तो आता कायमचा. नंतर कार्डाला फडकं गुंडाळून खालच्या कडेपासून सुरुवात केली, तेव्हा क्लिपा एकेक करून सुटल्या. अठरा वर्षं ऊन खाल्लेलं प्लास्टिक पावसाळी सकाळी आणखी कडक होतं. अर्धी पट्टी निघाल्यावर एका क्लिपचं टोक तुटलं, मग मला हेअर ड्रायर आठवला. कडेला दोन मिनिटं कोमट हवा दिली की प्लास्टिक वाकतं. हे आधी केलं असतं तर क्लिप वाचली असती.

आता नॉब. तिन्ही नुसते ओढून निघतात. पंख्याचा निघाला, हवेच्या दिशेचा निघाला, गार-गरमचा हलेना. पक्कडीत फडकं घालून पकडला आणि ओढताना जरा पिळला. टक्. नॉब हातात आला, पण आतली नळी, जी दांड्यावर बसते, ती उभी चिरली.

ह्या नॉबवरची निळी रेघ बाबांच्या अंगठ्याने झिजून जवळजवळ गेली आहे. उन्हाळ्यात गाडीत बसल्या बसल्या पहिला हात तिथे जायचा. त्यामुळे दुसरा नॉब शोधायचा नाही, हाच सांधायचा, हे तिथेच ठरलं.

नॉब काढायची बरोबर रीत मला नंतर भावाने दाखवली. बुटाची नाडी नॉबच्या मागे फिरवायची, दोन्ही टोकं हातात धरायची आणि सरळ आपल्याकडे ओढायची. दोन्ही बाजूंनी सारखा जोर बसतो, पिळ बसत नाही. दुसरे दोन नॉब मी पुन्हा बसवून नाडीने काढून बघितले. एका झटक्यात.

नॉबखालचे आणि टेपच्या पोकळीतले मिळून चार स्क्रू. त्यांतला एक भलताच लांब निघाला, कधीतरी टेप बसवणाऱ्याने दुसरीकडचा घातलेला. तो कुठे होता ते कागदावर लिहून ठेवलं.

पॅनेल पुढे आलं, पण दोन-अडीच इंचच. मागे दोन केबली आहेत. गार-गरमचा नॉब एका केबलने आतला फ्लॅप, म्हणजे हवा वळवणारी झडप, हलवतो, हवेच्या दिशेचा दुसऱ्या केबलने. तिसरा नॉब, पंख्याचा, नुसता विजेचा स्विच आहे. पॅनेल तिरकं करून मागे हात घातला. दोन होल्डर हाताला लागले, पाव फेरा डावीकडे फिरवले की बाहेर येतात. बल्ब तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे, वर हिरव्या रबराची टोपी. टोपी काढली. एकाची काच आतून काळी, दुसऱ्याची तार तुटलेली. मल्टिमीटरने पाहिलं, दोन्ही मेलेले.

मागचं सगळं न सोडवता पॅनेल तसंच ठेवलं आणि वायरींवर चिकटपट्टी लावली. बल्ब मिळाले की लगेच बसवता येतील असा विचार केला. (नंतरची भर : इथे चूक झाली. पॅनेल केबलींवर लटकत राहिलं. परिणाम १५ ऑगस्टच्या नोंदीत.)

संध्याकाळी नॉब सांधला. चिरलेली नळी बाहेरून कानशीने खरवडली, जुन्या वायरीतले तांब्याचे केसासारखे धागे तिच्यावर घट्ट गुंडाळले आणि वरून ॲरल्डाइट. आतल्या भोकात चिकट जाऊ नये म्हणून आधी मेणबत्तीचं मेण भरलं. दांड्याची एक बाजू सपाट असते, भोकही तसंच आहे. त्यात चिकटाचा एक थेंब सुकला तरी नॉब पुन्हा बसणार नाही. चोवीस तास हात लावायचा नाही.

२५ जुलै, गुरुवार

काम नाही. शहरात पाणी भरलंय, खडकवासल्यातून नदीत मोठा विसर्ग. गाडी आतेभावाच्या इमारतीत वरच्या पार्किंगला नेऊन लावली. नॉब तपासला, पक्का झाला आहे.

२८ जुलै, रविवार

हा दिवस पूर्ण वाया गेला. कसा, ते नीट लिहिते, कारण हीच चूक बहुतेक जण करणार.

कोपऱ्यावरच्या दुकानातून टी-५ चे चार बल्ब आणले होते, ८० रुपये. डॅशबोर्डचा बल्ब म्हटलं की दुकानदार हाच देतो. टी पुढचा आकडा म्हणजे बल्बच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. पार्किंगला टी-१० लागतो, मीटरमध्ये पुष्कळदा टी-५. माझ्या पॅनेलच्या होल्डरमध्ये टी-५ जाईना. मोजपट्टी लावली, जुन्या बल्बची काच जेमतेम ४ मिलिमीटर. बल्ब हातात घेऊन दुकानात जायला हवं होतं. मी मोबाइलमधला फोटो दाखवून आणले.

मग एलईडी. तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, चार नग २४० रुपयांना मिळाले, होल्डरसकट, माप बरोबर. दुपारी बसवले.

पहिला लागला, दुसरा नाही. एलईडीला प्लस-मायनसची बाजू असते, साध्या बल्बला नसते. होल्डर काढून अर्धा फेरा फिरवून घातला, लागला. इथपर्यंत ठीक.

रात्री अंधारात नेऊन पाहिलं आणि मन उतरलं. पांढऱ्या एलईडीवर जुनी हिरवी टोपी बसवली की उजेड फिका, निळसर होतो. मीटर हिरवं आणि त्याच्या खाली हे निळसर पॅनेल. रंगाचं एक वेळ सोसलं असतं. खरी अडचण उजेडाच्या दिशेची. तार असलेल्या बल्बचा उजेड चहूबाजूंना जातो. पॅनेलमधलं पारदर्शक प्लास्टिक तो उजेड बाजूने घेऊन सगळ्या अक्षरांपर्यंत पोहोचवतं, त्याची रचनाच तशी आहे. एलईडी सगळा उजेड नाकासमोर फेकतो. त्यामुळे बल्बच्या समोरची दोन चित्रं डोळ्यांत घुसतील इतकी लख्ख, आणि कडेचं काचेचं चित्र, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते जवळजवळ अंधारात.

आणि उजेड कमी करायची चकती. मीटर हळूहळू मंद होतं, एलईडी बराच वेळ तसाच तळपत राहतो आणि शेवटी एकदम विझतो. डावीकडच्या खिडकीच्या काचेत दोन पांढरे ठिपके दिसत होते, नेमके आरशात बघताना डोळ्यांत येणारे. अशी गाडी मी घाटात नेणार नाही. काढून टाकले.

जास्त वॉटचा बल्ब घालावा असं भाऊ म्हणाला. ते करू नका. मूळ बल्ब १२ व्होल्ट, १.२ वॉटचा, दशांश अँपिअर वीज खातो, आणि तेवढ्यावरही त्याच्या शेजारचं प्लास्टिक अठरा वर्षांत तपकिरी झालंय. तीन वॉटचा घातला तर ते वितळू शकतं.

३ ऑगस्ट, शनिवार

बल्ब मिळाले, नाना पेठेत.

सुट्या भागांच्या चार दुकानांत नकार मिळाला. पाचव्याने सांगितलं, मीटर दुरुस्त करणाऱ्याकडे जा. गल्लीत आत, जिन्याखाली, टेबलाएवढी जागा. एक वयस्कर काका दुर्बिणीची काच डोळ्याला लावून कुठल्यातरी टेम्पोचं मीटर उघडून बसले होते. जुना बल्ब त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी व्हर्नियर लावला, म्हणाले, "चार पॉइंट दोन. टी फोर पॉइंट टू. होल्डर पण देऊ का, का नुसता बल्ब?"

एलईडीची हकिकत सांगितली तर त्यांनी मान हलवली. "ताई, ह्याच्यात एलईडी घालायची असेल तर डोकं गोल असलेली, बाजूला उजेड मारणारी लागते. आणि टोपी हिरवी तर एलईडी पण हिरवी. पांढऱ्याला हिरवा रंग नीट चढत नाही. त्यापेक्षा हाच घाला, पुढची दहा वर्षं बघायला नको."

होल्डरसकट चार बल्ब, २०० रुपये. हिरव्या टोप्या त्यांच्याकडे होत्या, चार तशाच दिल्या, पैसे घेतले नाहीत. प्रत्येक बल्ब बॅटरीवर लावून दाखवला. आणखी एक सांगितलं, ते महत्त्वाचं : बल्बच्या काचेला तेलकट बोट लावू नका, आणि दोन्ही एकदमच बदला. एक नवा, एक जुना ठेवला की उजेड दुरंगी दिसतो आणि सहा महिन्यांत पुन्हा उघडावं लागतं.

जुन्या गाड्यांची कामं करणाऱ्या प्रत्येकाने आपल्या शहरातला मीटरवाला शोधून ठेवावा. मोठ्या दुकानांत विचारत फिरण्यात माझे पंधरा दिवस गेले.

४ ऑगस्ट, रविवार

बसवले. लागले.

आधी पॅनेलचं पारदर्शक प्लास्टिक आतून पुसलं, ओल्या फडक्याने आणि मग कोरड्याने. अठरा वर्षांची धूळ निघाली. थिनर किंवा पेट्रोल वापरू नका, अक्षरांचा रंग सुटतो. बल्बजवळचा तपकिरी डाग गेला नाही, तो प्लास्टिकच्या आतच आहे.

मग एक धांदल. सगळं बंद करण्याआधी दिवे लागतात का बघायला बॅटरी जोडली, पार्किंग लावले आणि होल्डर जरा नीट बसवायला स्क्रू ड्रायव्हर आत घातला. त्याचं टोक होल्डरच्या पट्टीला आणि शेजारच्या लोखंडाला एकदम टेकलं. ठिणगी, आणि मीटरसुद्धा अंधारात. मागे जाऊन पाहिलं तर डावा दिवाही गेलेला. ही सगळी मंडळी एकाच फ्यूजवर आहेत. दहा अँपिअरचा नवा फ्यूज, दहा रुपये, आणि तो आणायला भावाची सायकल. फ्यूज जेवढ्याचा तेवढ्याचाच घालायचा. बॅटरी जोडलेली असताना आत काहीही धातूचं घालायचं नाही.

पुन्हा जोडलं, लागले. हाच तो जुना, मऊ हिरवा उजेड. कडेचं काचेचं चित्र स्पष्ट. चकती फिरवली की मीटरबरोबर सारखं मंद होतं. आईला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "हां, गाडी आता आपली दिसते."

पॅनेल मागे सारलं, चार स्क्रू, लांब स्क्रू त्याच्या जागी, पट्टी, नॉब. सांधलेला नॉब दांड्यावर घट्ट बसला. वेळ दोन तास. काम संपलं असं वाटलं.

११ ऑगस्ट, रविवार

संपलं नाही. पाऊस उघडलाय, उकडतंय, आणि एसी गार करत नाही. हवा येते, पंखा जोरात, पण गारवा अर्धवट. भावाकडे केकसाठीचं थर्मामीटर आहे ते मधल्या जाळीत खोचलं. गाडी चालू, नॉब पूर्ण निळ्यावर, दहा मिनिटांनी १५ अंश. याआधी कधी मोजलं नव्हतं, पण एवढी कोमट हवा बाबांनी एक दिवसही चालवून घेतली नसती.

पॅनेल उघडल्यावर लगेच एसी बिघडला, म्हणजे माझ्याच हातून काहीतरी झालंय हे कळत होतं. पण काय, ते कळेना. एसीच्या बटणाची वायर तपासली, ठीक. कॉम्प्रेसरचा क्लच, म्हणजे एसीचा पंप इंजिनाला जोडणारा भाग, टक् करून लागतो. ओळखीतल्यांनी एकमताने निदान केलं : गॅस संपला असेल, भरून घे.

१३ ऑगस्ट, मंगळवार

एसीच्या कारागिराकडे नेली. त्याने गेज लावला, दोन्ही बाजूंचे दाब बरोबर. मग बॉनेटमधला जाड पाइप मला हाताने धरायला सांगितला. बर्फासारखा, बाहेरून घाम फुटलेला. "गॅस पूर्ण आहे ताई. इथवर गार येतंय. आत गेल्यावर ह्याच्यात गरम हवा मिसळतेय. हीटरचा फ्लॅप बघा. कोणी डॅश उघडला होता का?"

मी सांगितलं, मीच. तपासणीचे ३०० रुपये घेतले. गॅस भरून अठराशे घ्यायची संधी त्याच्या हातात होती, त्याने ती घेतली नाही. त्याच्याकडे आता आमची सगळी कामं जातील.

१५ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी सोसायटीचं झेंडावंदन उरकून पुन्हा सगळं उघडलं. ह्या खेपेला पट्टी दहा मिनिटांत निघाली, नॉब नाडीने निघाले.

आता नीट सांगते, कारण हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर दहा दिवस वाचले असते.

गार-गरमची केबल म्हणजे सायकलच्या ब्रेकसारखी : बाहेर नळी, आत तार. नॉब फिरवला की आतली तार पुढे-मागे होते आणि हीटरचा फ्लॅप उघडतो-मिटतो. हे चालायला बाहेरची नळी जागच्या जागी घट्ट धरलेली असावी लागते. पॅनेलच्या मागे एक पत्र्याची क्लिप तिला धरते. माझं पॅनेल २१ जुलैपासून दोन आठवडे केबलींवर लोंबकळत होतं, त्या काळात मी गाडी खड्ड्यांतून चालवलीही. त्या वजनाने नळी क्लिपमधून चार-पाच मिलिमीटर सरकली. बस, तेवढंच. पण नॉब निळ्याच्या शेवटाला टेकला तरी फ्लॅप पूर्ण मिटत नव्हता, आणि इंजिनाच्या गरम पाण्यावरून आलेली हवा गार हवेत मिसळत होती.

ओळखायची सोपी खूण : गाडी बंद, आजूबाजूला शांतता. नॉब सरसर गरमच्या टोकाला न्यायचा, मग गारच्या टोकाला. दोन्ही टोकांना आत फ्लॅप आपटल्याचा बारीक 'ठप' आवाज आला पाहिजे. माझ्याकडे गरमला ठप, गारला काही नाही.

दुरुस्ती : नॉब तात्पुरता दांड्यावर घालून पूर्ण गारवर नेला. क्लिप उचलली. भावाने खालून, पायांकडच्या बाजूने, फ्लॅपचा दांडा गारच्या टोकाला दाबून धरला. ह्या अवस्थेत नळीतली ढील ओढून घेतली आणि क्लिप पुन्हा दाबली. पहिल्या खेपेला क्लिप दाबताना नळी परत सरकली. दुसऱ्या खेपेला क्लिप वाकडी बसली. तिसऱ्या खेपेला बसली. ठप, ठप, दोन्हीकडे.

मग नळी जिथे क्लिपमध्ये शिरते तिथे नेलपॉलिशची लाल रेघ मारली, दोन्ही केबलींवर. हे काम २१ जुलैला, काहीही हलवण्याआधी, करायचं होतं. रेघ असती तर नळी सरकलेली तिथेच दिसली असती. आणि पॅनेल अर्धवट उघडं ठेवायची वेळ आलीच तर खाली उशी द्या किंवा दोऱ्याने वर बांधा.

थर्मामीटर पुन्हा जाळीत. दहा मिनिटांनी ८ अंश.

बंद करताना प्रत्येक टप्प्याला नॉब फिरवून आवाज ऐकला : स्क्रू लावायच्या आधी, लावल्यावर, पट्टी बसवल्यावर. तुटलेल्या क्लिपच्या जागी पट्टीमागे फेल्टचा छोटा तुकडा चिकटवला, खडखड थांबली.

२४ ऑगस्ट, शनिवार

वाईला आलो, मुद्दाम रात्री निघून. घाटात पाऊस होताच. पायथ्यालाच काच धुरकटायला लागली. डोळा रस्त्यावर ठेवून हात खाली नेला, हिरव्या चित्रांतलं काचेचं चित्र डोळ्याच्या कोपऱ्यात दिसलं, दोन टिचक्यांत नॉब तिथे. भाऊ झोपला होता. त्याला उठवावं लागलं नाही.

खर्च : चुकीचे बल्ब ८०, एलईडी २४०, बरोबर बल्ब २००, ॲरल्डाइट ९०, फ्यूज १०, एसी तपासणी ३००. एकूण ९२० रुपये. त्यातले कामाचे ३००, बाकी माझ्या घाईचे. हाताचा वेळ चौदा-पंधरा तास. आता कोणाची ॲक्सेंट समोर आली तर अडीच तासांत करेन.

राहिलेलं : सिगारेट लायटरभोवतीचा दिवाही गेलेला आहे हे आज दिसलं. तो आम्हाला लागत नाही, पण पट्टी पुन्हा काढेन तेव्हा बघेन. डॅशबोर्डवरचा खड्डा तसाच आहे.

उरलेले दोन बल्ब आणि दोन टोप्या कापसात गुंडाळून होमिओपॅथीच्या डबीत घातल्या आणि डबी पुढच्या कप्प्यात, नोंदणीच्या कागदांखाली ठेवली. झाकणावर लिहिलंय : एसी पॅनेल, १२ व्होल्ट १.२ वॉट, टी-४.२, आधी केबलींवरच्या लाल रेघा बघणे.